सायकलवर कान उघडे ठेवा



इंदूरहून महूकडे निघाले की दहाबारा किलोमीटरवर राऊ लागते. आग्रा-मुंबई रस्ता येथूनच जातो. पीथमपूरच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या बसगाड्या, मालट्रक, चोइथराम मंडीकडे बटाटा व लसूण घेऊन निघालेले ट्रॅक्टर, आयआयएमची व इतर कॉलेजांची मुले, असा सगळा ओघ या एका गावातून वाहतो. या गर्दीच्या डाव्या कडेने सायकलवाला चाललेला असतो. कोणी दुधाचे कॅन अडकवून, कोणी विळा-कुदळ कॅरिअरला बांधून, तर कोणी दप्तर पाठीला लावून.

आता या सायकलवाल्याच्या कानांकडे पाहा. तो तरुण असेल तर पुष्कळ वेळा कानात इअरफोन आढळेल. पाय पायडलवर, हात हँडलवर, डोळे समोर आणि कान मात्र गाण्यात. हे दृश्य केवळ राऊचे नाही. आपल्या प्रत्येक गावच्या रस्त्यावर ते दिसते, आणि पुष्कळदा तो मुलगा आपल्याच घरातला असतो.

या धड्यात आपण तीन गोष्टी पाहू. रस्त्यावर कान कोणते काम करतात? मोठ्या आवाजाने कानाचे काय नुकसान होते? आणि गाणेही हवे, सायकलही हवी, तर काय करावे?

१. दोष गाण्याचा नाही

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. गाणी ऐकणे वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. दिवसभर राबणाऱ्या माणसाला गाण्याने हुरूप येतो. इंदूर तर लता मंगेशकरांचे जन्मगाव. २८ सप्टेंबर १९२९ रोजी त्या तेथे जन्मल्या. इंदूरचे आकाशवाणी केंद्र १९५५ साली सुरू झाले, आणि माळव्याच्या खेड्यापाड्यांत नंदाजी-भेराजींच्या माळवी गप्पा ऐकण्यासाठी माणसे रेडिओभोवती जमू लागली. शेतीची माहिती आणि करमणूक दोन्ही त्यांतून मिळे.

पुढे ट्रान्झिस्टर आला. वडीलधाऱ्यांना आठवत असेल, सायकलच्या हँडलला ट्रान्झिस्टर अडकवून माणूस शेतावर जाई. गाणे त्यालाही ऐकू येई आणि वाटेत भेटणाऱ्यालाही. परंतु त्याचे कान उघडे असत. मागून बैलगाडी आली तर घुंगरांचा आवाज येई, मोटार आली तर भोंगा ऐकू येई.

१ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये सोनी कंपनीचा वॉकमन विक्रीस आला. गाणे आता माणसाबरोबर चालू लागले, पण ते फक्त त्याच्याच कानात. मग मोबाईल आला आणि तीच सोय प्रत्येकाच्या खिशात गेली. गाण्याची गोडी तीच राहिली. बदल एवढाच झाला की पूर्वी गाणे हँडलवर होते आणि आता ते कानाच्या भोकात बुचासारखे बसले. सारा धोका या बुचात आहे.

२. कान म्हणजे पाठीचा डोळा

मोटारीला मागचे पाहण्यासाठी आरसा असतो. आपल्या साध्या सायकलला बहुधा आरसा नसतो. मागे वळून पाहावे तर हँडल वळते आणि तोल जातो. म्हणजे मागून येणाऱ्या वाहनाची खबर देणारा सायकलवाल्याचा एकच पहारेकरी आहे, तो म्हणजे कान.

थोडा हिशेब करू. सायकल ताशी १५ किलोमीटर वेगाने चालली आहे आणि मागून ट्रक ताशी ६० किलोमीटर वेगाने येत आहे. दोघांमधील अंतर दर सेकंदाला सुमारे साडेबारा मीटरने कमी होते. ट्रक १०० मीटरवर असताना त्याचा आवाज कानी आला, तर सायकलवाल्याच्या हाती ८ सेकंद असतात. तेवढ्यात हँडल सरळ धरता येते, कडेला सरकता येते, गरज पडल्यास कच्च्या पट्टीवर उतरता येते. पण कानात गाणे असल्यामुळे तोच आवाज ट्रक २५ मीटरवर आल्यावर कळला, तर हाती २ सेकंदच उरतात. त्यात माणूस दचकतो, आणि दचकलेला माणूस कधी कधी नेमका उजवीकडे हँडल ओढतो.

दुसरी गोष्ट दिशेची. आपल्याला दोन कान का आहेत? उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी पोहोचतो, डाव्याला किंचित नंतर. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, तरी मेंदू तेवढ्यावरून दिशा ओळखतो. आवाज पुढून आला की मागून, हे कळायला कानाच्या पाळीच्या वळ्यांची मदत होते. कान बंद केले की ही सारी व्यवस्था बिघडते. भोंगा ऐकू आला तरी तो कोठून आला हे समजत नाही.

शिवाय आता बॅटरीवर चालणाऱ्या रिक्षा आणि स्कूटर आल्या आहेत. हळू चालताना त्यांचा आवाज जेमतेम येतो. उघड्या कानालाही त्या चकवतात, मग बुजलेल्या कानाची काय कथा?

३. घडलेल्या गोष्टी काय सांगतात?

अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठातील डॉक्टरांनी २००४ ते २०११ या काळातील ११६ अपघातांची माहिती गोळा केली. हेडफोन लावून पायी चाललेल्या माणसांना वाहनाने धडक दिल्याचे हे अपघात होते. त्यांपैकी सुमारे ७० टक्के अपघातांत माणूस दगावला. दोन तृतीयांश लोक तिशीच्या आतले होते. निम्म्याहून अधिक अपघात आगगाडीने झाले. आणि लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, जवळजवळ तीस टक्के अपघातांत धडकेपूर्वी भोंगा किंवा शिट्टी वाजवली गेली होती. इशारा दिला गेला होता, पण तो ऐकणारे कान मोकळे नव्हते.

आपल्या देशातील एक दुःखद घटना आपण विसरू नये. २६ एप्रिल २०१८ रोजी उत्तर प्रदेशातील कुशीनगर जिल्ह्यात, फाटक नसलेल्या रेल्वे क्रॉसिंगवर शाळेच्या गाडीला आगगाडीची धडक बसली आणि १३ मुले मृत्यू पावली. चालकाच्या कानात इअरफोन होते, असे त्या वेळच्या प्राथमिक माहितीत सांगण्यात आले. मोठ्या रुळांच्या मार्गांवरील अशी बिनमाणसांची क्रॉसिंगे जानेवारी २०१९ पर्यंत बंद करण्यात आली. तरी शेतावर जायला जवळची वाट म्हणून रूळ ओलांडणारे लोक आजही आहेत. इंदूर-महू लोहमार्ग राऊवरूनच जातो. पूर्वीची मीटरगेज जाऊन तेथे आता मोठी लाइन झाली आहे. रूळ ओलांडायचे ते फाटकातून किंवा पुलाखालून, आणि त्या वेळी कानात काहीही नको. यात तडजोड नाही.

४. एकाच कानात घातले तर?

तरुण मुले हा प्रश्न हमखास विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. हॉलंड हा सायकलींचा देश. तेथील ग्रोनिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी सायकलस्वारांवर प्रत्यक्ष प्रयोग केले. दोन्ही कानांत, विशेषतः खोल बसणारे इअरफोन घातले असता सायकलस्वारांना इशाऱ्याचे आवाज पुष्कळदा ऐकू आले नाहीत. एकच कान झाकलेला असताना मात्र इशारा बहुतांशी ऐकू आला.

याचा अर्थ असा की, दोन कान बंद करण्यापेक्षा एक बंद करणे कमी धोक्याचे. पण वर पाहिल्याप्रमाणे दिशा ओळखायला दोन कान लागतात. आणि हॉलंडमध्ये सायकलींसाठी जागोजागी वेगळा रस्ता असतो, त्यावर ट्रक येत नाही. आपल्याकडे ट्रक, बस, ट्रॅक्टर, बैलगाडी आणि गुरे एकाच रस्त्यावर चालतात. तेथील सवलत येथे जशीच्या तशी घेता येणार नाही. फ्रान्सने तर १ जुलै २०१५ पासून गाडी व सायकल चालवताना कानात इअरफोन घालण्यास बंदी केली असून त्यासाठी १३५ युरो दंड ठेवला आहे. आपल्याकडे सायकलवाल्याला कोणी अडवत नाही हे खरे. पण पोलिसाने अडवले नाही म्हणून ट्रक थांबतो असे नाही.

बाजारात गालाच्या हाडावर टेकणारे हेडफोनही मिळतात. त्यांत कानाचे भोक उघडे राहते आणि आवाज हाडातून आत जातो. बंद इअरफोनपेक्षा ते बरे. तरी मन गाण्यात गुंतायचे ते गुंततेच, आणि आवाज मोठा ठेवला तर आतल्या कानाला इजाही होऊ शकते. याउलट बाहेरचा आवाज मारून टाकणारे हेडफोन असतात. आगगाडीत बसून ऐकायला ते ठीक आहेत. सायकलवर ते सर्वांत वाईट, कारण जो आवाज आपला जीव वाचवणार तोच ते पुसून टाकतात.

५. कानाच्या आत काय होते?

अपघात झाला नाही तरी दुसरे नुकसान हळूहळू होत असते. आपल्या आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखा एक लहानसा भाग आहे. त्यात केसासारखी टोके असलेल्या सुमारे १५ हजार सूक्ष्म पेशी असतात. आवाजाच्या लाटा आल्या की ही टोके हलतात आणि मेंदूला खबर जाते.

आपण हे गव्हाच्या शेतावरून समजून घेऊ. मंद वाऱ्याने गहू डोलतो आणि पुन्हा उभा राहतो. जोराचा वारा आला तर तो वाकतो, पण एकदोन दिवसांत सावरतो. वादळ वारंवार आले तर मात्र तो आडवा पडतो आणि मग उठत नाही. कानातील पेशींचेही तसेच आहे. फरक इतकाच की गव्हाचे पीक पुढच्या रब्बीला पुन्हा पेरता येते. माणसाच्या कानातील या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. साधे बोलणे सुमारे ६० डेसिबल असते. या मापाची गंमत अशी की ३ डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती दुप्पट होते, म्हणून ऐकण्याची सुरक्षित वेळ निम्मी होते. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी आठवड्याची मर्यादा सांगितली आहे. ती साधारण अशी:

८० डेसिबल: आठवड्याला ४० तास.
९० डेसिबल: आठवड्याला ४ तास.
१०० डेसिबल: आठवड्याला सुमारे २० मिनिटे.

आता एखाद्या मुलाचे उदाहरण घेऊ. तो राऊहून इंदूरला कॉलेजात सायकलने जातो. जायला ४५ मिनिटे, यायला ४५ मिनिटे, म्हणजे रोज दीड तास. आठवड्याचे सहा दिवस धरले तर ९ तास. रस्त्याच्या गोंगाटावर मात करण्यासाठी तो आवाज वाढवून ९० डेसिबलवर ठेवतो. मर्यादा ४ तासांची आणि ऐकणे ९ तासांचे! म्हणजे दर आठवड्याला दुपटीहून अधिक. फोन पूर्ण आवाजावर ठेवला तर मर्यादा पहिल्याच दिवशी, अर्ध्या वाटेतच संपते.

शेतकऱ्याच्या कानावर आणखी एक बोजा असतो. बिनकेबिनच्या ट्रॅक्टरचा, मळणी यंत्राचा आवाज ९० डेसिबलच्या आसपास किंवा त्याहूनही वर जातो. दिवसभर ट्रॅक्टर चालवून आलेला माणूस संध्याकाळी कानात मोठ्याने गाणी लावतो, तेव्हा थकलेल्या बैलालाच पुन्हा नांगराला जुंपण्यासारखे होते. कानालाही विसावा हवा.

बहिरेपण एकदम येत नाही. प्रथम बारीक व उंच आवाज जातात. सायकलची घंटी, पाखरांचा आवाज, लहान मुलांचे बोलणे अस्पष्ट होते. गर्दीत कोण काय म्हणतो ते समजत नाही. रात्री निजताना कानात शिट्टी वाजल्यासारखे वाटते. घरचे म्हणतात, “हल्ली हा टीव्ही फार मोठ्याने लावतो.” ही सारी सुरुवातीची लक्षणे आहेत.

६. हे नियम पाळा

(१) मोठ्या रस्त्यावर, गावच्या नाक्यावर, पुलावर, रेल्वे फाटकाजवळ, अंधारात, धुक्यात व पावसात कानात काहीही घालू नका.

(२) वाटेत गाणे हवेच असेल तर जुन्या ट्रान्झिस्टरची रीत चांगली. लहान स्पीकर हँडलला घट्ट बांधा व आवाज बेताचा ठेवा. मागच्या सायकलची घंटी सहज ऐकू येईल इतकाच आवाज असावा. शाळा, दवाखाना व प्रार्थनास्थळाजवळ तो बंद करा.

(३) शेताच्या निर्जन पांदीवर एका कानात घालायचेच झाले तर डाव्या कानात घाला. आपल्याकडे वाहने उजव्या बाजूने पुढे जातात, म्हणून उजवा कान मोकळा हवा. डांबरी रस्ता आला की तोही काढा.

(४) गाणे बदलायला किंवा फोन घ्यायला सायकल थांबवा व खाली उतरा. एका हाताने हँडल आणि दुसऱ्या हाताने फोन ही कसरत नको.

(५) इअरफोनची वायर लोंबकळू देऊ नका. ती हँडलमध्ये किंवा चाकात अडकू शकते. मळणी यंत्र, कडबा कुट्टी, मोटारीचा पट्टा यांच्याजवळ तर वायर व इअरफोन दोन्ही नकोत. वायर पट्ट्यात गुंतली तर माणूस ओढला जाईल, आणि इअरफोनमुळे सोबत्याची हाक ऐकू येणार नाही.

(६) सायकलला उजव्या बाजूला आरसा, मागे लाल रिफ्लेक्टर आणि चालू स्थितीतील घंटी असावी. आरसा कानाला मदत करतो, पण कानाची जागा घेत नाही.

(७) घरी ऐकताना फोनचा आवाज ६० टक्क्यांच्या वर नेऊ नका आणि तासाभराने कानाला विश्रांती द्या. सोपी परीक्षा अशी: इअरफोन काढून हात लांब करून धरा. तरीही गाणे स्पष्ट ऐकू आले तर आवाज फार मोठा आहे.

७. कानाची निगा

पावसाळ्याच्या दमट हवेत कानात बुरशी होण्याचा संभव असतो. घामेजलेल्या कानात तासन् तास इअरफोन ठेवल्याने हा त्रास वाढतो. इअरफोन कोरड्या स्वच्छ फडक्याने पुसत जा. एकमेकांचे इअरफोन वापरू नका. कान ओला असेल तर आधी कोरडा होऊ द्या.

कानात काडेपेटीची काडी, केसाची पिन किंवा चावी घालून मळ काढू नका. गरम तेल ओतू नका. कानातून पू येत असेल, कान दुखत असेल किंवा कानातला आवाज थांबत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. “होईल बरे” म्हणून आठवडा घालवला तर उपचाराने गुण येण्याची शक्यता कमी होते.

८. घरी करून पाहण्याचा प्रयोग

मुलांना केवळ दरडावून उपयोग होत नाही. “काढ ते कानातले!” म्हटले की ते काढतात आणि वळणावर पुन्हा घालतात. त्यापेक्षा हा प्रयोग करून दाखवा. धर्मग्रामाच्या युवक मंडळालाही तो एखाद्या रविवारी मैदानात घेता येईल.

मुलाला अंगणात किंवा खळ्यात पाठमोरे उभे करा. दुसऱ्याने पन्नास पावलांवरून सायकल हाती धरून, घंटी वाजवत त्याच्याकडे यावे. घंटी ऐकू येताच मुलाने हात वर करावा. तेथे जमिनीवर रेघ मारा. मग मुलाला नेहमीच्या आवाजात, दोन्ही कानांत गाणी लावू द्या आणि तोच प्रयोग पुन्हा करा. दुसरी रेघ मारा. दोन रेघांमधील पावले मुलाला स्वतःला मोजायला लावा. ती पावले म्हणजे त्याने रस्त्यावर गमावलेली वेळ. उपदेशाचे दहा शब्द जे करणार नाहीत ते या दोन रेघा करतील.

आणि मोठ्यांनीही एक पाळावे. मुलगा सायकलवर आहे हे ठाऊक असताना त्याला वारंवार फोन करू नये. फोन लागलीच घेतला नाही म्हणून रागावू नये. पोहोचल्यावर त्यानेच फोन करावा, असे आधी ठरवून घ्यावे.

गाणे कोठे पळून जात नाही. बांधावर पोहोचल्यावर, झाडाखाली भाकरी सोडताना, संध्याकाळी ओट्यावर बसून ते पोटभर ऐकावे. वाटेत मात्र कानांना त्यांचे पहाऱ्याचे काम करू द्यावे, म्हणजे घरातून निघालेला माणूस सुखरूप घरी येईल.

विचार करण्यासाठी प्रश्न

१. मागून येणारे वाहन ओळखण्यासाठी सायकलवाल्याजवळ कोणती साधने आहेत?
२. आवाज ३ डेसिबलने वाढला तर ऐकण्याची सुरक्षित वेळ किती उरते?
३. आपल्या गावात सायकलवाल्याने कान पूर्ण उघडे ठेवलेच पाहिजेत अशा तीन जागा कोणत्या?
४. आपल्या घरात कोणाला हळू आवाज ऐकू येईनासे झाले आहेत काय? त्याला या महिन्यात डॉक्टरांकडे कोण नेणार?